मेणाची नळी, आजीची कॅसेट

माझ्या टेबलावर एका स्टीलच्या डब्यात (बायकोच्या मते तो डबा रव्याच्या लाडवांचा आहे आणि मी तो तातडीने परत करायचा आहे) एक तपकिरी रंगाची पोकळ नळी आहे. लांबी साधारण अकरा सेंटिमीटर, जाडी चहाच्या मोठ्या ग्लासाएवढी. लांबून बघितलं तर देवघरातली जुनी, जाडजूड मेणबत्ती कुणीतरी आतून कोरून काढलीय असं वाटतं. जवळून बघितलं तर तिच्या अंगावर केसासारख्या बारीक रेषा दिसतात, इंचाला शंभर. आणि त्या रेषांवर पांढरट बुरशीचे ठिपके.

२००७ साली ऑनसाइटला कॅलिफोर्नियात होतो तेव्हा एका रविवारच्या जुन्या बाजारात ही मला पंधरा डॉलरला मिळाली. विकणारे आजोबा फार प्रेमळ होते. मी ती उचलायला गेलो तसे जवळजवळ ओरडलेच. बाहेरून धरायची नाही, दोन बोटं आत घालायची आणि ती हलकेच फाकवून उचलायची. बाहेरून धरलं तर बोटांचे ठसे उमटतात, आणि हाताच्या उबेने अशा नळीला तडा गेल्याचंही त्यांनी पाहिलं होतं. पुठ्ठ्याच्या डबीत कापसाचं अस्तर, आणि झाकणाच्या आत पेन्सिलीने दोनच शब्द लिहिलेले : बाबा, नाताळ.

म्हणजे ही विकत घेतलेली गाण्याची नळी नव्हे. घरी भरलेली.

हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. माझ्या डोक्यात घरातला आवाज साठवण्याची सुरुवात टेपरेकॉर्डरपासून होत होती. १८९० च्या दशकात सामान्य माणूस घरात बसून स्वतःचा आवाज भरू शकत होता, ही बातमी मला त्या आजोबांकडून कळली. मग पुढचे कित्येक विकांत त्यातच गेले. (त्या वर्षीचं अप्रेझल फारसं बरं झालं नाही. असो.)

तर थोडा इतिहास.

एडिसनने फोनोग्राफ केला तो १८७७ च्या शेवटी. आधी मेण नव्हतंच. पितळी नळीवर कथलाचा पातळ पत्रा गुंडाळलेला असायचा. बोललं की पडदा थरथरतो, पडद्याला लावलेली सुई पत्र्यात खड्डे पाडते, पुन्हा सुई त्याच खड्ड्यांवरून फिरवली की पडदा उलट थरथरतो. बस्स. वीज नाही, अँप्लिफायर नाही, काही नाही. गंमत म्हणजे हे यंत्र कशाकरता वापरायचं हे खुद्द एडिसनलाही धड ठरवता येत नव्हतं. १८७८ मधे 'नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू' या नियतकालिकात त्याने उपयोगांची यादी दिली. त्यात पहिला नंबर पत्रं आणि डिक्टेशनचा, म्हणजे ऑफिसचं काम! संगीत चौथ्या नंबरवर. आणि त्याच्यालगत पाचव्या नंबरवर 'कुटुंबाची नोंद' : घरच्या माणसांच्या आठवणी, म्हणी, आणि मरणाऱ्या माणसाचे शेवटचे शब्द, त्यांच्याच आवाजात.

ही यादी वाचली तेव्हा मी जरा थबकलो. आपण प्रॉडक्ट मॅनेजर लोकांना नावं ठेवतो, पण या माणसाने यंत्र चार लोकांच्या घरात जायच्या आत पाचव्या मुद्द्यात आजी-आजोबांना आणून बसवलं होतं.

कथलाचा पत्रा दोनचार वेळा वाजवला की कामातून जायचा. मग १८८० च्या दशकात आधी बेल आणि टेंटर यांनी पुठ्ठ्यावर मेण चढवून पाहिलं, आणि त्यानंतर एडिसनने १८८८ मधे भरीव मेणाच्या नळ्या आणल्या. (मेण म्हणायचं आपलं, मधमाशीचं मेण नव्हे, तो एक प्रकारचा धातूचा साबण असतो.) किमती उतरत गेल्या. १८९७ मधे कोलंबियाचं 'ईगल' नावाचं चावीचं यंत्र दहा डॉलरला मिळायला लागलं. अशा यंत्राला वाजवायचं डोकं आणि भरायचं डोकं, दोन्ही लावता यायची. डोकं बदलायचं, कोरी नळी चढवायची, चावी द्यायची, भोंग्यात तोंड घालून ओरडायचं. दोन मिनिटं जागा. मिनिटाला १६० फेरे हा पुढे ठरलेला वेग, पण घरगुती मंडळी काटकसरी. जास्त मावावं म्हणून यंत्र हळू फिरवायची. म्हणून आज अशी नळी हातात आली की पहिला प्रश्न : मूळ वेग काय होता? गाणारी बाई आहे की पुरुष आहे इथपर्यंत गोंधळ होऊ शकतो.

सुईचीही एक गंमत आहे. नंतरच्या तबकडीत सुई डावी-उजवीकडे हलते. नळीत ती वर-खाली हलते, घाटातल्या रस्त्यासारखी. म्हणजे आवाज मेणाच्या खोलीत कोरलेला असतो. आणि म्हणूनच पुसता येतो. नळी फिरवत ठेवून धारदार पात्याने वरचा पापुद्रा तासून काढला की खाली कोरं मेण. एक नळी अशी बरेचदा तासता यायची. ऑफिसांत तर हेच चालायचं : साहेबाने पत्र सांगायचं, टायपिस्टने ऐकून टंकायचं, नळी तासायची, पुढचं पत्र. घरांतही तेच. बाबांच्या नाताळावर मुलाचा वाढदिवस, त्यावर कुत्र्याचं भुंकणं. कधी तासणाऱ्याने हात आखडता घेतला तर नव्या आवाजाखाली जुना अगदी पुसट ऐकू येतो म्हणतात.

सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने अशा नळ्यांचा संग्रह २००५ पासून आंतरजालावर ऐकायला ठेवलाय, दहा हजारांहून जास्त नळ्या. त्यातला माझा आवडता कोपरा घरगुती नळ्यांचा. कुणीतरी गोष्ट सांगतंय, कुणी बेसूर गातंय, पोरं खिदळतायत. या घरगुती नळ्यांना लायब्ररी ऑफ काँग्रेसने नॅशनल रेकॉर्डिंग रजिस्ट्रीत जागा दिली, म्हणजे मोठमोठ्या गायकांच्या आणि राष्ट्राध्यक्षांच्या पंगतीत. ऐकताना एक गोष्ट लक्षात येते. यंत्रासमोर बसवलं की माणसाला काय बोलावं सुचत नाही. सगळे आधी नाव सांगतात, तारीख सांगतात, आणि मग घसा खाकरतात. आपलं 'हॅलो हॅलो माईक टेस्टिंग' एकशे तीस वर्षं जुनं आहे.

माझी नळी? त्याच वर्षी तिकडच्या एका हौशी संग्राहकाने ती आपल्या यंत्रावर एकदाच वाजवून दिली. एकदाच, कारण बुरशीने मेण खाल्लेलं असतं आणि प्रत्येक वेळी सुई थोडं आणखी खरवडते. वाळूवरून बैलगाडी चालल्यासारखा आवाज, आणि मधे कुठेतरी एक माणूस इंग्रजीत एक ते दहा आकडे म्हणतो. सातावर एक लहान मूल हसतं. एवढंच. आठवडाभर मी त्या सातच्याच नादात होतो.

साहजिकच पुढचा प्रश्न : आपल्याकडे काय?

आपल्याकडच्या नळ्यांची सर्वात मोठी गोष्ट कलकत्त्याची आहे. हेमेंद्रमोहन बोस हा माणूस एका जन्मात मावणारा नव्हता. 'कुंतलीन' नावाचं केसांचं तेल, 'देलखोश' नावाचं अत्तर, सायकली, छापखाना, आणि यातून वेळ काढून फोनोग्राफच्या नळ्या! तेलाच्या जाहिरातीसाठी त्याने कथास्पर्धा काढली आणि १९०३ मधे तिच्यात बक्षीस मिळालेली कथा निघाली शरच्चंद्र चट्टोपाध्यायांची. सिनेमावाले नितीन बोस हे याचेच चिरंजीव. स्वदेशीच्या चळवळीच्या काळात त्याने स्वतः रवींद्रनाथांचा आवाज नळ्यांवर भरला. १९०८ च्या सुमारास फ्रान्सच्या पाथे कंपनीकडून यातली काही मुद्रणं तबकड्यांवर उतरवून घेतली. बाकीचा बहुतेक माल गेला. मेण, बंगालची दमट हवा, आणि बुरशी.

पण तोवर डाव पलटला होता. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग १९०२ च्या शेवटी कलकत्त्यात उतरला, त्याने गौहरजानचं गाणं भरलं. गाण्याच्या शेवटी ती चक्क इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते, कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत हॅनोव्हरला आणि तिकडच्या कारागिरांना गाणारं कोण हे कळायला हवं. तबकडीचा फायदा उघड होता : एकदा साचा केला की मोदकासारख्या पाडत बसा. सुरुवातीच्या काळात नळीला ती सोय नव्हती, गायकाला तेच गाणं पुन्हा पुन्हा गायला लागायचं. साच्यातून नळ्या ओतायची युक्ती जमेपर्यंत १९०२ उजाडलं. नळीची पीछेहाट होत गेली आणि १९२९ मधे एडिसनच्या कंपनीने तो धंदाच बंद केला.

इथे माझी एक तक्रार आहे, आणि ती मी कुठे फारशी वाचलेली नाही. तबकडी जिंकली याचा सगळे आनंद मानतात. पण तबकडीचं यंत्र फक्त वाजवतं. भरत नाही. नळीच्या यंत्रापुढे माणूस बसला की तो गाऊही शकत होता. ग्रामोफोनसमोर बसल्यावर तो नुसता श्रोता झाला. आवाज भरण्याचं काम घरातून उठून कंपनीच्या हातात गेलं, आणि सर्वसामान्य घरात परत यायला टेपरेकॉर्डर यावा लागला. मधली पन्नास-साठ वर्षं आपल्या घरांत बालगंधर्व होते, अब्दुल करीम खाँ होते, पण आजी नव्हती.

या मधल्या काळात साध्या माणसांचा आवाज कुणी भरला असेल तर तो सरकारने, आणि तोही वेगळ्याच कारणाने. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणासाठी १९१३ पासून पुढे बरीच वर्षं निरनिराळ्या प्रांतांत ग्रामोफोनवर बोलीभाषांचे नमुने घेतले गेले. आज ते आंतरजालावर ऐकता येतात. कित्येकांना एकच गोष्ट सांगायला लावली होती : बायबलमधली उधळ्या मुलाची. बाप, दोन मुलं, धाकटा वाटणी मागून निघून जातो ती. शंभर वर्षांपूर्वीची माणसं आपापल्या बोलीत तीच गोष्ट सांगतायत. ऐकताना मजा येते आणि वाईटही वाटतं. वाटतं, यांना कुणी म्हणायला हवं होतं, की बाबा, तुझ्या मनातलं काही बोल.

मोठ्या माणसांच्या आवाजाची तर आपल्याला इतकी भूक आहे की कधीकधी आपण जरा घाईच करतो. १९१५ च्या गणेशोत्सवात केसरीवाड्यात भरलेला लोकमान्यांचा आवाज सापडला अशी बातमी २०१२ मधे आली आणि सगळ्यांनी डोक्यावर घेतली. मला टिळकांचा आवाज ऐकायला कुणाइतकाच आवडेल. पण इंजिनियर म्हणून शंका येते. १९१५ मधे मायक्रोफोनवर मुद्रण नव्हतं, ते सुरू झालं १९२५ पासून. त्याआधी भोंगा. भोंग्यात तोंड घातल्याखेरीज सुई हलायला तयार नसायची. भरलेल्या मंडपात लोकांना उद्देशून बोलणारा माणूस, मागे गर्दी, आणि हे सगळं भोंग्यातून? माझं मन घेत नाही.

आता धाराशिवकडे येतो. (कागदोपत्री जिल्ह्याचं हे नाव २०२३ पासून. आमच्या शाळेच्या दाखल्यावर उस्मानाबाद. आजीच्या तोंडी मात्र पहिल्यापासून धाराशिवच. निजाम आला, गेला, तिने नाव बदललं नाही.)

संग्रह करणारी माणसं आमच्याकडे कमी नाहीत. तेरला एकदा तरी जाऊन या. दोन हजार वर्षांपूर्वी रोमशी व्यापार करणारं हे गाव, 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनातलं तगर. तिथले रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गावाच्या पांढरीतून वर येणाऱ्या वस्तू जमवल्या. मणी, मातीच्या बाहुल्या, नाणी, शंखाच्या बांगड्या. पॉम्पेईत सापडलेल्या लक्ष्मीची आठवण करून देणारी हस्तिदंती मूर्ती त्यातलीच. आज त्यांच्या नावाने सरकारी संग्रहालय आहे. मी शाळेच्या सहलीत पहिल्यांदा गेलो तेव्हा कंटाळलो होतो. नोकरी लागल्यावर परत गेलो तेव्हा दोन तास हललो नाही. घरं कशी होती, दागिने कसे होते, पोरांची खेळणी कशी होती, सगळं आहे. पण ही माणसं बोलायची कशी?

यावर एक मजेदार किस्सा आहे. १९६९ मधे रिचर्ड वूडब्रिज नावाच्या माणसाने 'प्रोसीडिंग्ज ऑफ द आयट्रिपलई' या आमच्या बिरादरीच्या गंभीर नियतकालिकात पत्र लिहिलं, की फिरत्या चाकावर कुंभार मडक्यावर रेघ ओढत असताना आजूबाजूचा आवाज त्या रेघेत कोरला जात असला पाहिजे. सुई लावून ऐकूया. म्हणजे मडकं हेच फोनोग्राफ! तेर हे गोरा कुंभाराचं गाव. वाचल्या वाचल्या माझ्या डोक्यात काय आलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. दुर्दैवाने ते काही जमत नाही. ओल्या मातीला तेवढे बारीक कंप पकडताच येत नाहीत. पण एक पूर्ण शनिवार मी तेरच्या एखाद्या खापरात विठ्ठलनाम सापडल्याची स्वप्नं बघण्यात घालवला, हे कबूल करतो.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. इतका वेळ टाळत होतो.

१९८६ च्या दिवाळीत अण्णाकाका पुण्याहून टू-इन-वन घेऊन आले. आमच्या गल्लीतला पहिला. चार दिवस सगळ्यांनी आपापले आवाज भरून ऐकले, सगळ्यांना आपला आवाज बेकार वाटला. पाचव्या दिवशी पहाटे अण्णाकाकांनी तो जात्याजवळ नेऊन ठेवला. घरात पिठाची गिरणी लागून जमाना झाला होता, पण सणाच्या हरभऱ्याची डाळ आणि थोडंसं पीठ आजी जात्यावरच काढायची, आणि जातं फिरलं की तिच्या तोंडून ओवी निघायचीच. 'यंत्रात बसून बोलाया मी काय भूत हाय का रं,' असं म्हणाली खरी, पण गायली. साठ मिनिटांची कॅसेट होती, एक बाजू पूर्ण भरली. तुळजापूरची आई, पंढरीची वाट, भाऊ, लेकी, नातवंडं. अण्णाकाकांनी कॅसेटवर निळ्या पेनने 'आई' असं लिहिलं, आणि एक काम केलं. कॅसेटच्या पाठीला दोन बारीक प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात, त्या स्क्रू ड्रायव्हरने मोडून टाकल्या. त्या मोडल्या की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. चुकूनसुद्धा काही पुसलं जाऊ नये म्हणून.

१९८८ मधे आजी गेली. १९९३ च्या भूकंपात सास्तूरकडचं तिचं माहेरचं घर पडलं. तिचे तिकडचे फोटो, लग्नातली भांडी, सगळं दगडमातीखाली गेलं.

त्याच्या आधीची, १९९१ ची गोष्ट. मी दहा वर्षांचा. 'साजन'च्या गाण्यांनी वेड लावलं होतं. रेडिओवर गाणी लागणार होती आणि घरात कोरी कॅसेट नव्हती. आता, मोडलेल्या पट्टीचा उपाय त्या काळच्या प्रत्येक पोराला माहीत होता. भोकावर चिकटपट्टी लावायची. बटण निमूटपणे खाली जातं.

लावली मी चिकटपट्टी. कुठली कॅसेट आहे हे मला माहीत नव्हतं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. पण निळ्या पेनने लिहिलेलं 'आई' मला वाचता येत होतं, चौथीत होतो. मला वाटलं थोडंसंच पुसलं जाईल. कुणाला कळलं नाही. आजी गेल्यापासून ती कॅसेट कुणी लावतच नव्हतं. आईला ऐकवायची नाही आणि अण्णाकाकांना तर नाहीच. पुढे ते टू-इन-वन बिघडलं, माळ्यावर गेलं, कॅसेटही गेली.

मागच्या दिवाळीला माळा आवरताना ती निघाली. चिकटपट्टी पिवळी पडून खडखडीत झाली होती, हात लावला तर तुकडाच पडला. मी ती कुणाला न सांगता पुण्याला आणली. जुन्या बाजारातून एक बऱ्यापैकी डेक मिळवला, हेड साफ केलं, नवा बेल्ट घातला, लॅपटॉपला जोडला.

पहिली बावीस मिनिटं 'साजन' आणि निवेदक. मधे मधे एका पोराचं 'श्शू, गप बसा ना', म्हणजे मी.

मग खट्ट आवाज, आणि जातं.

बावीस मिनिटांनंतर बहुतेक मला जेवायला हाक मारली असावी. म्हणून शेवटची साडेसात मिनिटं वाचली.

तीन विकांत मी त्या बावीस मिनिटांखाली आजी शोधत बसलो. मेणाच्या नळीत तासणाऱ्याचा हात चुकला तर खालचं काही राहतं, तसं इथेही राहिलं असेल अशी आशा. कॅसेटच्या यंत्रात रेकॉर्डिंगच्या हेडच्या आधी पुसायचं हेड असतं, आणि ते आपलं काम पात्यापेक्षा चोख करतं. एकदा रात्री दोन वाजता दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत मला स्पष्ट घरघर ऐकू आली. जात्याची. आवाज वाढवला, फिल्टर लावले, हेडफोन लावून परत परत ऐकलं. अंगावर काटा आला होता. मग स्पेक्ट्रम काढला. पन्नास हर्ट्झवर एक सरळ रेघ, शंभरवर दुसरी. मेन्सची गुणगुण. लाईटची!

ती गुणगुण एका कामाला मात्र आली. आजीच्या साडेसात मिनिटांतही ती आहे, कारण काकांनी टू-इन-वन प्लगला लावला होता. तिथे ती रेघ पन्नासच्या बरीच खाली सापडली, म्हणजे टेप आता हळू फिरत होती असा अर्थ. तेवढा वेग वाढवला. (जाणकार म्हणतील की १९८६ च्या मराठवाड्यात वीज तरी पन्नासला पन्नास कुठे असायची. खरंय. शेवटी कानावर भरवसा ठेवून थोडं मागे घेतलं.) आवाज आजीचा झाला. जात्याचे फेरेही मोजले, मिनिटाला पस्तीसच्या आसपास. ओवीच्या तिसऱ्या चरणाला तिचा हात किंचित जड होतो, फेरा लांबतो, आणि चौथ्याला परत हलका होतो.

असं कुणीतरी वेळेवर, नीट, मोठ्या प्रमाणावर केलं ते हेमा राईरकर आणि गी पॉटवँ यांनी. १९८० च्या दशकापासून गावोगाव फिरून त्यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या खेड्यातल्या बायकांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या, हजाराहून जास्त गावं. बर्नार्ड बेल यांनी नव्वदच्या दशकात यातल्या कित्येक गाणाऱ्यांचे आवाज नीट भरून ठेवले. पॉटवँ २००४ मधे गेले, राईरकर २०१० मधे. 'पारी'वर २०१७ पासून या ओव्या, गाणाऱ्या बाईच्या नावागावासकट प्रसिद्ध होत आल्या आहेत. मी एका बैठकीत शेकडो ऐकल्या. चाल ओळखीची, शब्द ओळखीचे, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्याच कुणाचीतरी आजी.

पाडव्याला धाराशिवला गेलो तेव्हा आईला लॅपटॉपवर ती साडेसात मिनिटं ऐकवली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिने डोळे मिटून घेतले होते. चौथ्या मिनिटाला मागून एक बाई विचारते, 'आत्याबाई, पीठ बास का?' आई एकदम म्हणाली, 'ती मी.' पंचवीस-सव्वीस वर्षांची असेल तेव्हा. आवाज तिचा तिला सांगावा लागला नाही, मला मात्र ओळखला नव्हता.

संपल्यावर ती म्हणाली, 'याच्या आधीची लाव की.'

मी म्हटलं, आधीची म्हणजे?

'आधी माझ्यावर एक गायली होती ना ती. सुनेवर. सगळ्यांसमोर पहिल्यांदाच माझं नाव घेऊन गायली होती. ती लाव.'

मग मला सांगावंच लागलं. चिकटपट्टी, रेडिओ, सगळं. आईने कॅसेट हातात घेतली, उलटीपालटी करून बघितली, भोकात बोट घालून बघितलं. 'साजनची गाणी व्हय,' एवढंच म्हणाली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच गुणगुणायला लागली. मी मोबाईल चालू करून ओट्यावर ठेवला. ओवीचे पहिले दोन चरण तिला आले. तिसऱ्याला अडखळली, परत पहिल्यापासून सुरू केलं, परत तिथेच अडखळली. मग कुकरची शिट्टी झाली.